दिस बुडायच्या आत

औंध,
५ जानेवारी

प्रिय गुणे,

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली टपालानं पत्र आलं की माणसं आधी मटकन खाली बसतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. पत्र मंगलचं आहे. सांगलीच्या डी.एड. होस्टेलात जिच्या वाटणीच्या भाकरी तू रोज करपवायचीस, तीच मंगल.

पत्र का, तर तू मला फोनवर ब्लॉक केलंस आणि मग मीही तुला केलं. विजयमालानं तर आपल्या दोघींना मैत्रिणींच्या ग्रुपमधूनच हाकललं. जन्मभर पोरांना वर्गाबाहेर उभं केलं आणि म्हातारपणी आपणच बाहेर. मी पुष्कळ विचार केला. फोनवर राग आला की बोट लगेच चालतं. पत्राला पाकीट शोधावं लागतं, तिकीट चिकटवावं लागतं, पेटीपर्यंत चालत जावं लागतं. तेवढ्यात निम्मा राग उतरतो आणि उरलेला गुडघ्यात जातो.

नियम एकच. पत्रात राजकारण काढायचं नाही. (मोडायचा पहिला मान माझा. तू टाकलेला तो 'कृष्णेवरचा नवा पूल, अभिमान बाळगा' आठवतो? त्या पुलाखाली नदीत बर्फ तरंगत होता. सांगलीत उसाच्या रसाचा गाडा सोडून बर्फ कुठं बघितलास गं?)

आता कामाचं. माझा भाऊ कोंडीबा आणि वहिनी सुलाबाई मेंढरं घेऊन निघालेत. आठवड्याभरात तुमच्या रानात पोचतील. दर साली तुमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसायची, तुमच्या रानाला खत आणि आमच्या पोटाला धान्य, हे आमच्या बापापासून आणि तुझ्या सासऱ्यांपासून चालत आलंय. त्यात नवीन काही नाही. पण यंदा मला धास्ती वाटते. निवडणूक तोंडावर आलीय. वाटेत एका गावात पोरांनी कोंडीबाला अडवून आधार कार्ड मागितलं, मेंढरांसकट दोघा नवरा-बायकोचा फोटो काढला आणि कुठंतरी पाठवून दिला. तो हसत सांगत होता, "आमी दोघं झकास आलोय म्हणं फोटूत." मला हसू आलं नाही. दोन म्हातारे जीव, उघड्या माळावर झोपणारे. कुणी काय डोक्यात घेऊन येईल सांगता येत नाही.

तुझ्या रानात तो पोचला की माझा जीव भांड्यात पडेल. नजर ठेव.

तुझी,
मंगल


पाटील वाडा, तासगाव,
१४ जानेवारी

प्रिय मंगल,

जयजिनेंद्र, आणि सोबत पुडीत तिळगूळ आहे. पोस्टातून जाताना त्याचा भुगा होईल. भुगा खा आणि तरी गोड बोल.

तुझा भाऊ परवा पोचला. आमचे हे रायगोंडा पाटील, ज्यांना माझ्या वाढदिवसाची तारीख चाळीस वर्षांत पाठ झाली नाही, ते सकाळपासून बांधावर उभे होते. मेंढरं दिसल्याबरोबर ओरडले, "आलं गं, आलं माझं सोनं!" सोनं म्हणजे मी नव्हे, लेंडीखत. मेंढरं उसाच्या मोकळ्या रानात बसलीत. सुलाबाईंच्या गुडघ्याला मी तेल दिलंय. द्राक्षात पाणी उतरून मणी पिकायला लागलेत, तेव्हा बागेकडं मेंढरू फिरकू नये एवढीच यांची अट, ती कोंडीबादादांना सांगावी लागत नाही.

गेल्या वर्षीचं माझ्या मनातून जात नाही. मेंढरं निघायच्या दिवशी मी पुरणपोळी केली होती आणि दादांना यायला अंधार पडला. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, चूल पेटवत नाहीत, हे तुला माहीत आहे. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई," आणि रानात जाऊन शिळी भाकरी खाल्ली. माझा डबा तसाच राहिला. यंदा मी आधीच बजावलंय. ज्या दिवशी मेंढरं उठतील त्या दिवशी दिवस बुडायच्या आत सगळ्यांनी जेवायला यायचं, मदतीला येतील त्या तुमच्या माणसांनी सुद्धा.

आता तुझ्या बर्फाचं. पूल चुकला, कबूल. पण 'मेंढीमागे सरकारी कर लागणार' हा हुकूम सगळ्यांना कुणी पाठवला होता? त्यावरची तारीख वाचलीस का? ३१ नोव्हेंबर! चाळीस वर्षं गणित शिकवलंस ना तू? माझ्या मते आम्ही अभिमानानं फसतो आणि तुम्ही रागानं. तेवढाच फरक.

माझा पुतण्या पारस यानं मला 'जागे व्हा' नावाच्या एका ग्रुपात घातलंय. चांगली माणसं आहेत, देशाचं बोलतात. शुद्धलेखन मात्र असं की लाल शाईची बाटली घेऊन बसावंसं वाटतं. अलीकडं तिथं पोरं पळवणाऱ्यांच्या, गोठे लुटणाऱ्यांच्या बातम्या फार येतात. मी पाहून, विचार करूनच विश्वास ठेवते, काळजी नसावी.

इकडं सगळं ठीक आहे.

तुझी,
गुणमाला


औंध,
१९ जानेवारी

प्रिय गुणे,

तिळगुळाचा भुगा पोचला. मुंग्यांनी निम्मा खाल्ला, त्या आता माझ्याशी गोड बोलतात.

तू लिहितेस, इकडं सगळं ठीक आहे. होस्टेलात रेक्टरबाईंनी विचारल्यावर तू असंच म्हणायचीस, आणि मागं पातेलं जळत असायचं. खरं सांग. मी ऐकलंय की यंदा तुमच्या गावात काही लोकांनी रायगोंडा भाऊजींना सांगितलं, बाहेरची मेंढरं बसवू नका म्हणून. हे खरं का?

मला कुठून कळलं ते विचारू नकोस. विचारशीलच, म्हणून सांगते. माझा पोरगा सयाजी निवडणुकीच्या कामाला लागलाय. टेम्पोला झेंडा लावून दिवसभर फिरतो. त्यानं मला 'हक्काची काठी' नावाच्या ग्रुपात घेतलंय. तिथं आमच्या लोकांवर कुठं काय अन्याय झाला ते रोज येतं. कुठं वाट अडवली, कुठं मेंढरांना विष घातलं. वाचलं की रात्रभर डोळा लागत नाही, आणि सकाळी उठून पुन्हा पहिला फोनच हातात. हे खोटं असेल असं मनात आणलं तरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. आमच्यावर अन्याय झालेलाच नाही, असं थोडंच आहे?

कोंडीबाला विचारावं तर तो काही सांगत नाही. त्याला लिहिता येत नाही, म्हणून तो भावकीच्या ग्रुपात आवाजी निरोप टाकत बसतो. मेंढी व्याली, घोडीचा पाय मुरगळला, सुलीनं आज आमटी खारट केली. एकेक निरोप दोन-दोन मिनिटांचा, त्यात निम्मा वेळ कुत्र्यावर ओरडणं. मी तो ग्रुपच गप्प करून ठेवलाय. काम असलं की फोन करीन म्हणते.

पण गुणे, तू डोळ्यांनी बघतेस ना त्याला रोज? एवढंच लिही. दुसरं काही नको.

तुझी,
मंगल


पाटील वाडा, तासगाव,
२४ जानेवारी

मंगल,

तुझ्या पत्राचं उत्तर आज लिहिणारच होते, वेगळं लिहिणार होते.

होय, देवळातल्या काही जणांनी यांना सांगितलं होतं की मेंढरं बसवू नका. यांनी त्यांना सरळ वाटेला लावलं. मी तुला कळवलं नाही, कारण तू उगाच घोर लावून घेशील असं वाटलं. आता वाटतं, ते लोक बरोबर होते.

आज दुपारी 'जागे व्हा'वर एक आवाज आलाय. सोबतचा मजकूर जसाच्या तसा लिहिते, शुद्धलेखन त्यांचं:

"जागृक रहा! पाटलांच्या वाड्यावर उद्या हल्ला होणार. ऐका यांच्याच तोंडून. आज गप्प बसाल तर पच्छाताप होईल."

आणि त्याखाली आवाज: "पाटलाचा वाडा उद्या दिस बुडायच्या आत उठवायचा हाय. समदी या. काठ्या, कुत्री घिऊन या."

ऐकीव गोष्ट असती तर मी थुंकून टाकली असती. पण तो आवाज तुझ्या भावाचा आहे. माझ्या ओट्यावर बसून ताक मागणारा आवाज मी ओळखणार नाही का? पाच वेळा ऐकला. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता दुसऱ्या कुणाचा तरी निघेल. निघाला नाही.

काय केलं होतं आम्ही मंगल? आमचा वाडा उठवायचा म्हणजे काय करायचं, जाळायचा? घरात मी, हे, आणि बाळंतपणाला आलेली माझी मुलगी चंदना. यांना मी काही सांगितलं नाही. यांना रक्तदाबाचा त्रास आहे, आणि सांगितलं तर उठून थेट रानात जातील. पारसला सांगितलंय. तो म्हणाला, "काकी, तुमी कडी लावून घ्या, आमी बघतो." कडी लावून हे पत्र लिहिते आहे.

तुला फोन करावा असं दोनदा वाटलं. तुझा आवाज ऐकायची भीती वाटली. तुझ्या सयाजीचं नाव यात निघालं तर मी काय करू?

गुणमाला


औंध,
२४ जानेवारी

गुणमालाबाई,

बाई म्हणते, कारण पाटलीणबाईंना नावानं हाक मारायची आता आमची लायकी राहिली नसावी.

आज दुपारी 'हक्काची काठी'वर जे आलं ते उतरवून देते. तुमच्याकडच्या कुणी माझ्यावर खोटेपणाचा आळ घ्यायला नको.

"जागृक रहा! बागाईतदारांनी आपल्या मेंढपाळांचा वाडा उठवायचा हुकूम सोडला. ऐका आपल्याच माणसाच्या तोंडून. आज गप्प बसाल तर पच्छाताप होईल."

आणि माझ्या भावाचा आवाज: "पाटलाचा वाडा उद्या दिस बुडायच्या आत उठवायचा हाय. समदी या. काठ्या, कुत्री घिऊन या."

मुदत सुद्धा दिलीत? दिवस बुडायच्या आत? महिनाअखेरपर्यंत बसायचं ठरलं होतं ना? कोंडीबा काठ्या आणा म्हणतोय, म्हणजे त्याच्यावर काय वेळ आली असेल! आयुष्यात त्यानं काठी लांडग्यावर सोडून कुणावर उगारली नाही. तो भाऊबंदांना बोलावतोय, म्हणजे तिथं कुणीतरी त्याच्या अंगावर आलंय.

त्याला फोन लावतेय, लागत नाही. बंद. रानात चार्जिंग कुठलं म्हणून नेहमी सोडून देते, पण आज वाटतं, फोन कुणी काढून घेतला असेल. सुलाबाईंकडं फोनच नाही. तू मला ब्लॉक केलेलं. कुणाला विचारू?

मी तो आवाज सयाजीला ऐकवला. त्यानं पुरता ऐकला पण नाही. दोन टेम्पो भरून पोरं घेऊन तो पहाटे तासगावला निघणार आहे. मी त्याला अडवणार होते. अडवलं नाही. तिथं माझा भाऊ आहे.

तुझ्या भरवशावर पाठवला होता, गुणे. नजर ठेव म्हटलं होतं.

मंगल


पाटील वाडा, तासगाव,
३० जानेवारी

प्रिय मंगल,

सांगलीच्या दवाखान्यात आपण दोघी एका बाकड्यावर बसलो आणि एक शब्द बोललो नाही. तू माझ्याकडं पाठ केली होतीस. मी तुझ्या पाठीकडं बघत होते. मग तू सयाजीच्या जामिनासाठी विट्याला निघून गेलीस.

मध्ये रविवार आला, मग सव्वीस जानेवारी, म्हणून आपली दोघींची पत्रं पेटीत अडकली. तुझं पत्र काल हातात पडलं. माझं तुलाही मिळालं असेल. उभ्यानंच वाचलं आणि मग खाली बसले. मंगल, तोच आवाज. तेच शब्द. आणि खाली-वर तोच 'जागृक', तोच 'पच्छाताप'. दोन वेगळ्या बाजूंच्या, एकमेकांना शिव्या घालणाऱ्या दोन ग्रुपांत एकाच माणसाच्या चुका कशा? वर्गात दोन पोरांच्या पेपरात सारखी चूक निघाली तर आपण काय म्हणायचो? कुणीतरी एकानंच लिहिलंय हे. तुला तुझ्या रागाचं वाढलं, मला माझ्या भीतीचं. चुकांना लाल शाई शोधत बसणारी मी, आणि चूक समोर असताना थांबून विचार केला नाही.

त्या दिवशी रानात काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. मी सांगते. मी गच्चीवरून पाहिलं.

सकाळी पारस आणि गावातली पंधरा-वीस पोरं रानाकडं गेली. कोंडीबादादा घोडीवर सामान चढवत होते. इतकी माणसं बघून ते घाबरले नाहीत, हसले. त्यांना वाटलं मदतीला आली. "आलासा व्हय? लय बेस झालं. धरा ही दोरी," असं म्हणून त्यांनी दोरीचं टोक पारसपुढं केलं. हे पारसनं स्वतः मला सांगितलं, रडत. त्यानं दोरी धरली सुद्धा होती म्हणे. तेवढ्यात मागून कुणीतरी "त्याच्या हातात काठी हाय" म्हणून ओरडलं आणि दगड दादांच्या तोंडावर बसला. कुणी मारला ते अजून कळलं नाही. पुढं झालं ते फार पटकन झालं. सुलाबाई बोअरवर धुणं धूत होत्या. त्या पळत आल्या त्या ओरडतच, "आवं, मारू नगासा! पावणी हायती ती, मदतीला आल्याती!" त्यांना वाटलं, आपल्या कुत्र्यामुळं पाहुण्यांशी भांडण जुंपलं आणि दादा त्यांच्यावर काठी उगारतायत. पाहुण्यांना वाचवायला पळत आल्या होत्या त्या.

हे अनवाणी धावत गेले आणि दादांवर पालथे पडले, म्हणून एका दगडावर भागलं. सयाजीचे टेम्पो विट्याच्या नाकाबंदीत अडकले नसते तर आणखी काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. पोलिसांचे उपकार मानायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

रात्री यांना सगळं सांगितलं, आवाज ऐकवला. यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "आगं येडे, वाडा म्हंजे मेंढरांचा वाडा! त्यांचा तळ! आपल्या घराला वाडा म्हणतंय कोण आता, पोस्टमन सोडून?" चाळीस वर्षं या घरात राहिले, आणि हे मला माहीत नव्हतं. आम्ही घरातल्या बायका 'मेंढरं बसली' म्हणतो, 'उठली' म्हणतो. वाडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं माझा उंबरा आला, माझी चंदना आली.

आता ऐक. आवाज पारसला मी पाठवला. महिला मंडळाच्या ग्रुपवर मी पाठवला. "आवाज माझ्या ओळखीचा आहे, खरा आहे" असं वर लिहून पाठवला. गावानं ग्रुपवाल्यांवर विश्वास ठेवला नसता, गुणमाला मॅडमवर ठेवला. पोलिसांना मी हे सांगितलंय. मंडळाच्या ग्रुपवरही लिहिलंय. चुकीचं पाठवलं तेव्हा शंभर अंगठे आले होते. खरं लिहिलं तर दोन आले, त्यातला एक चुकून.

दादांचा जबडा तारेनं बांधलाय. दीड महिना बोलता येणार नाही. मी रोज सकाळच्या एसटीनं जाते. पुरणपोळी दुधात कुस्करून, गाळून नेते, नळीनं पाजते. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी प्याले.

एक गोष्ट मात्र मला खात आहे. यांनी त्यांना निघायला सांगितलं नव्हतं. मी जिनेंद्राची शपथ घेऊन सांगते. पण मग ते मुदतीआधी का निघाले होते, आणि 'दिस बुडायच्या आत' हा धमकीसारखा शब्द कशाला? मी दादांना विचारलं, तर ते डोळे मिटून घेतात. त्यांचा फोन त्या धावपळीत फुटला. सुलाबाईंना दादांनी 'उद्या निघायचं' एवढंच सांगितलं होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवावा अशी मागणी करायचं तोंड मला नाही. पण गावातले लोक अजून म्हणतात, "वाडा मेंढरांचा असंल, पर काठ्या कशाला?" आणि त्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर नाही. या गावात दादा परत येऊ शकतील का, हे त्या उत्तरावर आहे.

फोन करायचं धाडस होत नाही. लिही.

तुझी,
गुणमाला


औंध,
३ फेब्रुवारी

प्रिय गुणे,

तुझं पत्र यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. घरी वाचता येईना. सयाजी सुटून आलाय आणि भिंतीकडं तोंड करून पडलाय. मला म्हणतो, "आई, तूच ऐकवलंस." खरंच आहे त्याचं.

तुला उत्तर पाहिजे ना? उत्तर माझ्याकडं होतं. चोवीस तारखेच्या सकाळपासून माझ्याकडंच होतं.

तुझं पत्र वाचून मी भावकीचा ग्रुप उघडला. गप्प करून ठेवला होता तो. खाली-खाली गेले. चोवीस जानेवारी, सकाळी, कोंडीबाचा आवाजी निरोप. न ऐकलेला. तुझ्या आणि माझ्या ग्रुपात जो तुकडा आला, तो यातूनच कुणीतरी कापला. कवठे महांकाळच्या बाजूला बसलेल्या आमच्या माणसांनी ऐकला होता हा निरोप. ती मदतीला दुपारी येणार होती. तुमची पोरं सकाळी आली.

परक्यानं पाठवलेला तुकडा मी दहादा ऐकला, गुणे. सयाजीला ऐकवला, शेजारणीला ऐकवला. माझ्या सख्ख्या भावानं स्वतःच्या तोंडानं, माझं नाव घेऊन पाठवलेला निरोप तसाच पडून होता. म्हटलं, कुत्र्यावर ओरडत असेल.

तुझ्या 'काठ्या कशाला'चं सांगते. वाडा उठवताना मेंढरांना वळण द्यायला, कोकरांची जाळी बांधायला काठ्या लागतात, राखणीला कुत्री लागतात. आणि 'पाटलाचा वाडा' म्हणजे तुमचं घर नव्हे, तसा नुसता मेंढरांचा तळही नव्हे. आमची माणसं ज्याच्या रानात बसतात त्याचं नाव आपल्या वाड्याला देतात. तेवढे दिवस कोंडीबाच्या घराचं नाव 'पाटलाचा वाडा' असतं. तुमच्या नावानं तो स्वतःच्या घराला हाक मारत होता.

तो तुकडा अजून फिरतोय. काल विजयमालानं मला पाठवला, दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव लावून, वर 'जागृक रहा' आहेच. मी तिला लगेच फोन केला, अर्धा तास बोलले. ती म्हणाली, "असंल गं, पण आवाज तर खरा आहे ना?" आवाज खरा आहे, तेच तर दुखणं आहे.

कोंडीबाचा पुरा निरोप खाली उतरवून देते. एक शब्द गाळलेला नाही. तुझ्या महिला मंडळात वाचून दाखव, देवळात वाचून दाखव, पारसला वाच. फोनवर पाठवणार नाही, कुणीतरी परत कापेल. तोंडानं वाच. त्याचा जबडा बांधलेला आहे तोवर त्याच्या वतीनं तूच बोल. मी परवाच्या एसटीनं सांगलीला येतेय. त्याच बाकड्यावर बसू.

"मंगल, आन समद्या भावकीला सांगतो. पाटलाचा वाडा उद्या दिस बुडायच्या आत उठवायचा हाय. शेजारच्या बागंला आवषीद मारणार हायती, मेंढरानं पाला तोंडात धरला तर घोटाळा हुईल. समदी या. काठ्या, कुत्री घिऊन या. हाड्, हाड् रं! भाकरी कुणी बांधू नगा. उठायच्या दिशी पुरणाची पंगत म्हणून पाटलीणबाईंनी आधीच बजावलंय, उद्या सकाळच्याला जाऊन त्यास्नी सांगतो. त्यांच्यात दिस बुडल्यावर चूल पेटवत न्हाईत. गेल्या साली मला उशीर झाला आन त्यांचं आन्न तसंच ऱ्हायलं, लय वाईट वाटलं त्यास्नी. म्हणून म्हणतो, दिस बुडायच्या आत समदं उरका, म्हंजी बाईंच्या पंगतीला येळंत बसता यील. आन मंगल, तू बी ये. तुमचं दोघींचं कायतरी बिनसलंय म्हणत्यात. ये तू. पोळी खाताना कुणी भांडत न्हाई."

तुझी,
मंगल